दर अकराला

एस्टोनियाच्या अगदी कडेला, सेतोमाच्या एका खेड्यात,
जिथं रस्ता काटेरी तारेपाशी येऊन थांबतो,
शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही माइक मांडले.
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा भागाकार राहिलेला.

सात बायका आल्या.
छातीवर चांदीची ढाल, ताटलीएवढी,
तिच्याखाली साखळ्या, साखळ्यांना नाणी,
झारच्या काळातली, घासून चेहरे पुसलेली.
चालल्या की वाटे, दाराशी टांगा आला.

पहिलं गाणं झालं. हेडफोनमध्ये
टक्.
मग गाणं. मग पुन्हा
टक्.
दातावर नख वाजवावं तसं, बारीक, कोरडं.

मी चांदीकडे पाहिलं.
म्हणालो, एवढं काढून ठेवाल का?
कुणी काही बोललं नाही.
मग ओक्सिन्या म्हणाली, "हे घातल्याशिवाय आम्ही दारात सुद्धा गात नाही."
तरी काढली.
बाकांवर सात ढीग,
जणू सातजणी नदीवर गेल्यात अंघोळीला.
ओझं उतरलं तसे खांदे वर आले,
आवाज मात्र खाली बसले.
आणि
टक्.

मी हीटर बंद केला. खुर्ची बदलली.
नास्ताच्या कवळीवर संशय घेतला,
मनातल्या मनातच, पण तिनं तो ओळखला
आणि कवळी काढून रुमालात बांधू लागली.

ओक्सिन्या खिडकीशी बोटं मोडत उभी.
वाटलं, माझ्याच नावानं.
ती मोजत होती.
"दर अकराला वाजतंय," म्हणाली,
"माझी चांदी इतकी शिस्तीची नाही."

मान खाली घालून मी यंत्रांच्या मागे गेलो.
दोन पेट्या, एकीवर एक.
दोघींच्या पोटात एकेक स्फटिक,
सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करणारा.
दोघी प्रामाणिक. दोघींचा सेकंद खरा,
एकीचा फक्त केसाहून बारीक असा लांब.
ते साचत जातं. अकराव्या सेकंदाला
एक तुकडा जास्तीचा होतो,
त्याला पंगतीत पान नसतं.
तो उठतो, तेच टक्.

वर्ड क्लॉकची वायर होती की,
सकाळी मीच जोडलेली.
पण खालच्या पेटीला, "हिचं ऐक," असं
सांगायचंच राहिलं होतं.
आणि वायरीच्या शेवटाला लावायची
पंचाहत्तर ओहमची इवलीशी टोपी
माझ्या कोटाच्या खिशात, खोकल्याच्या गोळ्यांत.
ती नसली की निरोप टोकावर आपटून मागे फिरतो
आणि मागून येणाऱ्या निरोपाच्या पायात येतो.
वीस वर्षं मी हे पोरांना शिकवतो.

टोपी लावली. बटण 'स्वतःचं'वरून 'बाहेरचं'वर.
लुकलुकणारा दिवा स्थिर झाला.

नास्तानं वायरीला बोट लावून पाहिलं.
"आमचं गाणं यातून जातं?"
गाणं त्या जाड वायरीतून, मी म्हणालो.
हिच्यातून नुसतं
आत्ता, आत्ता, आत्ता.
"बस्स, एवढंच?"
एवढंच.

तिनं बोट काढलं नाही.
"बहीण माझ्या डाव्या अंगाला उभी राहायची.
मला उशीर झाला की कोपरानं ढोसायची.
बेचाळीस वर्षं. इथं."
आणि कवळी तोंडात बसवली.

चांदी पुन्हा चढायला वीस मिनिटं लागली.
मागचे आकडे एकमेकींनी लावले,
मी चहा ओतून दिला, कुणी प्यायलं नाही.

नंतरच्या गाण्यांत टक् नाही. चांदी आहे,
हवी तेव्हा, नको तेव्हा, बेशिस्त.
चौथ्या गाण्यात नास्ता मागे पडली.
ओक्सिन्यानं तिच्याकडे पाहिलं नाही,
कोपर तेवढं जरासं बाहेर काढलं.
साखळ्या वाजल्या.
रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येतं,
साडेतीन मिनिटांच्या सुमाराला, डाव्या बाजूला.