दाभण

येताना विमानतळाच्या पट्ट्यावर
सीट आली ती कानाशी चेचलेली.
"आतली चीर दिसत नसते," मेहुणा म्हणाला.
टाकून दिली.

नवी घेऊन परत निघालो
तेव्हा आधी सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो,
दस्तगीरमामूंकडे.
त्यांनी ती उताणी केली, ठोकून बघितली.
"किती किलोचा माल?"
"अकरा. शाल्मली."
मग बोलले नाहीत.

बंद आत दुमडले,
कोपऱ्यांत तिच्याच दुपट्यांच्या घड्या,
वरून दुहेरी ताग
आणि दाभण, सुतळी, दाभण.
"हमाल आपटणारच. पोतं फुटतं ते कोपऱ्याला."

शेवटी निळ्या शाईत माझं नाव, फोन,
आणि हात थांबेना म्हणून खाली:
राजापुरी, एक नंबर.

मामू ओशाळले, खोडायला निघाले.
म्हटलं, राहू द्या.