स्थळ

प्रफुल्लने तक्ता केला आहे.
डावीकडे गावं: घोडबंदर, कोलशेत, खारघर, उलवे, नेरूळ.
वर रकाने: कार्पेट, हप्ता, शाळा,
माझं ऑफिस, त्याचं ऑफिस,
ताबा कधी. आणि कंसात, खरंच कधी.

मी एक रकाना मनातल्या मनात वाढवला आहे.

स्थळ बघायला गेलं की आधी पाणी मागावं,
असं माझी आत्या म्हणायची.
कोण आणतं, कशातून आणतं,
पेला पुसलेला असतो की नुसता विसळलेला.
बाकीचं सगळं ते सांगतात तसं असतं,
पाणी असतं तसं असतं.

कासारवडवलीला नमुन्याचा फ्लॅट.
आतल्या खोल्यांना दारंच नाहीत,
पलंग हातभर आखूड, म्हणजे खोली मोठी दिसते.
प्रफुल्ल आडवा होऊन बघणार होता, मी डोळे वटारले.
गळ्यात पट्टा घातलेल्या मुलाने खिडकीशी नेलं,
"मॅडम, येऊर व्ह्यू."
येऊर खरंच होता.
त्याने काहीच केलं नव्हतं, नुसता उभा होता,
आणि त्याचे फुटामागे तीनशे जास्त.
पाणी मिळालं बाटलीतलं, सील फोडून.
मी खाली उतरून वॉचमनच्या केबिनीत मागितलं.
तो रिकाम्या जारकडे बघत म्हणाला,
"टँकर तीनला येतो, ताई."

खारघरला आप्पा आले.
वारा इतका की त्यांनी दोन्ही हातांनी टोपी धरली.
वर न येता बाकावर बसून राहिले.
इथे ऊन किती वाजेपर्यंत असतं, एवढंच विचारलं.
कोणाला सांगता येईना,
अजून कोणी राहायलाच आलं नव्हतं.
परतताना तळोज्याच्या बाजूने वास आला.
ओजस म्हणाला, कोणीतरी नेलपेंट सांडलंय.
प्रफुल्लने गाडीच्या काचा वर घेतल्या.
तक्त्यात वासाला रकाना नाही.

उलव्याला भाव विमानाचा.
"साहेब, दहा वर्षांनी बघा इथे!"
आप्पा म्हणाले, "दहा वर्षांनी तुम्ही बघा."

कोलशेतचं राहूनच गेलं. ओजसला ताप होता.

मग नेरूळ. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला,
लिफ्ट नाही, भिंतीला ओल,
ती झाकायला कॅलेंडरही लावलेलं नाही.
देवस्थळीबाईंनी दार उघडून पहिलं विचारलं,
"माठातलं देऊ की फिल्टरचं?"

माठातलं.
पेला कोरडा, आत माझं नाक दिसेल इतका लख्ख.
मी उभ्या उभ्या सगळं प्यायले.
"मोरब्याचं आहे," त्या म्हणाल्या,
जशी एखादी सून माहेरचं नाव सांगते.
"सकाळी सहाला येतं. कधी चुकत नाही."

मी प्रफुल्लकडे बघितलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला.
लग्न ठरतं तेव्हा खोलीत होते तशी शांतता,
आणि त्या शांततेत जिन्यावरून आप्पांचा श्वास ऐकू येत होता.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले होते.
ओजस मोठ्याने मोजत होता,
"एकेचाळीस. आजोबा, अजून तेराच."

ते पोचले. बाईंनी न विचारता खुर्ची सरकवली,
पेला हातात दिला.
"माझंही हेच झालंय," आपला गुडघा चोळत म्हणाल्या,
"नाहीतर कोण विकतंय?
एकतीस वर्षं झाली इथे.
भाचीने घोडबंदरला बघून दिलाय.
चौदावा मजला, दोन दोन लिफ्ट.
कासारवडवलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला.
तुम्ही म्हणे तिकडे जाऊन आलात?"

आप्पा घोट घोट पीत होते, डोळे मिटून.

"मी अजून पाहिलेला नाही हो," त्या म्हणाल्या.
"पाणी कसं आहे तिथलं?"

माझ्या हातात अजून त्यांचाच पेला होता.

डोंगर छान दिसतो, म्हणाले.