कलम एकशे अठ्ठावीस

पतसंस्थेच्या बाकावर आम्ही तिघं:
मी, आई आणि भिवसन नाना,
ज्यांच्या खिशात चार घड्यांची पगारपावती
आणि तंबाखूची डबी एकाच रबरात बांधलेली.

आईचा अंगठा मशीन घेईना.
नंदुरबारच्या पथारीवर अठरा हंगाम
मिरचीची देठं खुडता खुडता
बोटांवरच्या रेषा तिनं कुठल्यातरी लाल ढिगात सोडल्या होत्या.
क्लार्क म्हणाला, हात धुऊन या.
ती धुऊन आली.
पुन्हा धुऊन आली.
तिसऱ्यांदा क्लार्कच शिंकला
आणि म्हणाला, बरं, शाईचा घ्या.

शिष्यवृत्तीचा अर्ज तोवर तीनदा परत आलेला.
त्रुटी: उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा.
त्रुटी: वडिलांचे नाव एका कागदावर भाऊराव, दुसऱ्यावर भावराव.
वडील दोन्ही नावांनी गेलेले.
एका अक्षरानं माझे एकतीस हजार धरून ठेवले होते,
आणि कॉलेजच्या खिडकीला तेवढी वाट बघायची नव्हती.
कायद्याचं पहिलं वाक्य आमच्या घरात असं आलं:
अर्जदाराने सात दिवसांत पूर्तता करावी.

कर्ज मात्र नानांच्या पावतीवर मिळालं.
झेडपी शाळेचे शिपाई. घंटा त्यांची, कुलूप त्यांचं,
गल्लीत पक्क्या पगाराचे ते एकटेच.
नऊ कागद.
प्रत्येकावर 'भि' सावकाश काढायचे, उरलेलं नाव घाईनं.
मी म्हटलं, नाना, वाचून तरी बघा.
"तू वाच पोरी. मी सही करस."

दुसऱ्या सत्रात, धुळ्याला,
गिरासे सरांनी फळ्यावर आकडा लिहिला, एकशे अठ्ठावीस.
जामीनदाराची जबाबदारी
मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच.
आधी कुणाच्या दारात जायचं
ते धनकोनं ठरवायचं.
उदाहरणात अ, ब आणि क होते.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
माझ्या वहीतल्या 'क'ला मिशी होती
आणि हातात घंटेचा दांडा.

शनिवारी रात्रीच्या एसटीनं घरी आले.
सकाळी नाना ओट्यावर कळण्याची भाकर मोडत होते.
कलम समजावताना मी पुस्तकी बोलीत सुरुवात केली
आणि अर्ध्यावर अहिराणीत उतरले.
म्हणजे मी बुडाले तर ते आधी तुमच्याकडं येऊ शकतात,
मला न विचारता.

"माले माहीत शे."

आत गेले. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं.
बाहेर आले ते एक नोटीस घेऊन, दुसऱ्या एका पतसंस्थेची.
मेहुण्याची रिक्षा. नाना जामीन.
रिक्षा शहाद्याला विकून मेहुणा सुरतेला गेलेला,
आणि सहा वर्षं दर महिन्याला पगारातून बावीसशे.
मग पाच वर्षं काहीच नाही.
आता हे.

तरीही माझ्या नऊ कागदांवर?
विचारायचं होतं, विचारलं नाही.
त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवली.
"हाई वाच. खरं शे का खोटं?"

व्याज, दंडव्याज, वसुली खर्च.
तारीख वाचली. पुन्हा वाचली.
मधली वर्षं बोटांच्या पेरांवर मोजली, आई रोज मोजते तशी.
त्या तारखेत काहीतरी होतं,
वासावरून कळतं ना, ढिगात ओली मिरची कुठं आहे, तसं.
थांबा नाना, म्हटलं,
मुदतीचा कायदा तिसऱ्या वर्षाला आहे.

तिसरं वर्ष!
पुढच्या वर्षाच्याच फीचं पोर्टलवर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं:
छाननी सुरू आहे.
आणि नोटिशीला उत्तर द्यायला पंधरा दिवस.

होस्टेलच्या प्राजक्ता सोनवणेला फोन केला.
तुझं पुस्तक दे, फक्त ते प्रकरण.
चौतीस पानं, म्हणाली. झेरॉक्सचे अडुसष्ट रुपये होतील.

नानांनी खिशातलं रबर सोडलं,
सत्तर मोजून दिले,
आणि मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून म्हणाले,
"पावती लेजो."