तिसऱ्या गिअरात

उद्यमनगरात, लेथांच्या किरकिरीत,
इलाही मिस्त्रीनं पिकअपची टाकी खाली उतरवली
आणि बोटभर गाळ माझ्या तळहातावर ठेवला.
"हे खाऊन घाट चढत हुती व्हय रं ही?"

मग जुनी रबरी नळी गेली,
आण्णांनी सायकलच्या ट्यूबनं आवळलेली.
आली लोखंडी, एका सुतानं जाड.
पाणी वेगळं काढणारा फिल्टर.
टाकीपाशी विजेचा पंप,
चावी फिरवली की डासासारखा गुणगुणणारा.
चारी नोझल टेस्टिंगच्या बाकावर:
तीन धुकं सोडत होते, चौथा मुतत होता.
"ह्योच त्यो," मिस्त्री म्हणाला.
अठरा हजार. दोन हप्त्यांत.

रात्री देवगडचा बांगडा, बर्फासकट दीड टन,
करूळ घाट.
सातव्या वळणावर गाडी नेहमी उपाशी पडायची.
मी बॉनेट उघडून हातपंप दाबत उभा,
अंगठा डिझेलनं गार,
आणि आक्काताई न विचारता स्टोव्ह पेटवायची.
सहा वर्षं तिच्या चहाचे पैसे
मी बंद पडायचा दंड म्हणून मोजले.

आज सातवं वळण
तिसऱ्या गिअरात आलं
आणि गेलंसुद्धा.
आरशात स्टोव्हचा निळा ठिपका,
त्याच्यापुढं कुणीतरी उभं,
हात अर्धा वर.

गगनबावड्यात धुकं. पंप गुणगुणतोय.
मासळीबाजार पाचला उघडतो,
या हिशेबानं मी साडेतीनलाच बालिंग्याला.
हातात दीड तास.
त्याचं काय करायचं असतं,
ते मिस्त्रीनं सांगितलेलं नाही.