सातवं दार

उद्यमनगरात पॅटर्न करणारे आमचे बापूकाका धनवडे
शहाण्णव साली महिनाभर ओसाकाला गेले, मशीन शिकायला.
येताना घरातल्या सगळ्यांना एकेक छत्री,
आणि मला जुन्या बाजारातली पिवळी कॅसेट.

आमचा व्हिडिओ गेम शाहूपुरीतल्या दुकानातला, नकली.
आपण कुठल्या देशात बनलो ते त्यालाही ठाऊक नसावं,
म्हणूनच बहुधा खाच जुळली.
अस्सल असता तर परक्या कॅसेटला आत घेतलं नसतं.

पडद्यावर कायमची संध्याकाळ.
सायकलवर टोपीवालं पोरगं, मागं लाकडी पेटी, तोंडात पिपाणी.
दारापुढं थांबायचं. बाई बाहेर यायची.
मग अक्षरं, साखरेकडं निघालेल्या मुंग्यांगत.
इम्तियाज मुजावर चौकटीच्या वहीत लिहून ठेवायचा :
घर दुसरं. वरचं दाबू नये, बाई दार आपटती.
घर चौथं. तिसरं दाब, कुत्रं गप हुतं.
अशी सहा घरं पाठ झाली.
भाषा नाही, नुसते ठेच लागून कळलेले उंबरे.

सातव्या दारात म्हातारा.
एकच प्रश्न तीनदा विचारायचा,
आणि चार उत्तरं दर वेळी जागा बदलून बसलेली.
तिथं वही संपली.
मे महिना संपला.
बापूकाकांनी गेम माळ्यावर टाकला.

पुढं त्याच मुंग्यांच्या मागं जात जात
शिरोलीच्या फौंड्रीत दुभाषाची नोकरी लागली.
कास्टिंगमधली भोकं मोजायला आलेले कावाबेसान
कटवड्यानं घामाघूम झालेले असताना विचारलं,
ती पिवळी कॅसेट तुमच्या देशाबाहेर का नाही विकली?

नाक पुसत ते म्हणाले, खपाचा हिशेब.
चिप एवढीशी, आमच्या पाच अक्षरांत जे बसतं
त्याला इंग्रजीत वीस लागतात, ठेवणार कुठं?
शिवाय सायकलवर टोफू विकतं कोण तिकडं?
पिझ्झा करा म्हणाले असते, पिपाणीची घंटा करा,
आणि संध्याकाळ कशाला, दुपार करा, रंग उठून दिसतील.

मग वडा बाजूला सारला. लहानपणी तेही खेळले होते.
ते पोरगं नाही, म्हणाले. पोरगी आहे.
बाप आजारी, म्हणून त्याची टोपी घालून फिरते.
आमच्यात 'मी' पुष्कळ. पोरांचा वेगळा, पोरींचा वेगळा,
साहेबासमोरचा आणखी तिसरा.
म्हातारा विचारतो, कोण आहे?
चारही उत्तरं एकच, 'मी आहे', फक्त 'मी' निराळा.
तीनदा पोरांचाच म्हटला, की तो पुढं काही विचारत नाही,
पातेलं आणायला आत जातो.
इंग्रजीत 'मी' एकटाच. चार ओळी सारख्या दिसल्या असत्या.
खेळणार कसं?

मी हसलो.
मी, म्हणजे सुनंदा धनवडे, शिवाजी पेठ.
येतो गं आई, जेवलो, दमलो, भिजलो,
असंच बोलत वाढलेली.
पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी खिदळल्या
तेव्हा 'आले', 'गेले' शिकले,
जपानीच्या आधी शिकलेली परकी भाषा ती.
कावाबेसानना हे सांगायला गेलो
आणि दुभाषी असून अडकलो.

रात्री कॅसेट काढली. आतली बॅटरी मेलेली,
आमची सहा घरं पुसून गेलेली.
इम्तियाजला फोन लावला.
मागं त्याचा लेथ घरघरत होता.

सातव्या दाराचं उत्तर सापडलं, म्हटलं.
काय?
मी आलो, म्हणायचं होतं.
कोण आलं?
मी आलो.
मोठ्यानं बोल की, ऐकू येत न्हाई.
मी आलो रे!

लेथ बंद झाल्याचा आवाज आला.
व्हय, ये की मग, म्हणाला.