भिंग नंतर काढ

भिंग नंतर काढ, एव्हारिस्तो. आधी हात पूस.
बोटांना डिझेल असलं तर
चाचाकोमाही तुला मोटारीसारखा वास देईल.

हं. आता पान चुरगळ.
राळ आहे ना? बोटं चिकटली?
आतून लाकूड तांबडं निघतं त्याचं.
सासऱ्यांच्या पायनांगराचा दांडा याचाच होता.
माणूस झिजला, दांडा नाही.

हे कोयी. याची पानं समोरासमोर बसतात,
लग्नाची बोलणी करायला आलेल्या व्याह्यांसारखी.
वरून गडद, राठ. उलटं कर:
खाली पांढुरकी लव, नखाने खरवडली तर निघते.
किस्वारलाही तीच लव, तेच समोरासमोर.
मग लांबी बघायची.
किस्वारचं पान माझ्या तळव्याएवढं,
कोयीचं अंगठ्यापुरतं, आणि जाड,
जुन्या वहाणेच्या पट्ट्यासारखं.
पहिल्या वर्षी मी अख्खा वाफा
किस्वार म्हणून विकला होता.
तो माणूस अजून बाजारात भेटला की हसतो.

केन्युआ तर आंधळ्यालाही कळते.
साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली, तांबूस,
वारा आला की फडफडते.
माझी आई अशीच:
एकावर एक सहा घागरे, तरी गुडघे गार.

पण कुठली केन्युआ, ते साल सांगत नाही.
त्यासाठी देठ मोजावा लागतो.
खडकामागच्या जुन्या रानात आपण काय मोजलं?
पाच. सात. पाच. पुन्हा सात.
एवढ्याएवढ्याशा पर्णिका,
उंदराचे कान जणू.
आणि इथे, या उतारावर?

तीन.
तीन.
मोज ना. तीनच आहेत.

तुझी पेन्सिल का थांबली ते मला कळतं.
हा सगळा उतार आनाक्लेतोने लावला.
अठ्ठावीस वर्षं झाली. ट्रक आला होता खालून,
रोपं फुकट, वर तांदळाचं पोतं.
कागदावर लिहिलं होतं ‘केन्युआ’,
आणि ते खोटंही नव्हतं,
फक्त डोंगर दुसरा होता.
गारा पडल्या की तो स्वतःचा पोंचो काढून
रोपांवर धरायचा. खोकला तिथूनच लागला असेल.

रोपं गुडघ्याला आली तेव्हा मी देठ मोजला.
त्या रात्री बोलले नाही.
बटाटे सोलले, चूल विझवली.
दुसऱ्या रात्रीही नाही.
एकदा न बोललेलं मग बोलता येत नाही,
मांजराने पिल्लं दिलेल्या खोलीसारखं
ते दार आपण ओढूनच घेतो.

तो गेल्यावर त्याची कोकाची पिशवी मी झटकली.
पानांच्या तळाशी एक वाळकी डहाळी होती.
मोजली.
सात.

म्हणजे खडकामागे तोही जाऊन आला होता.
कधी, कोण जाणे.

आता दरसाल मी तिकडून वीस फांद्या आणते,
सहा-सातांना मुळं धरतात.
इथली एकही उपटत नाही.
मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या भरते.
तुझ्या कागदावर दोनच चौकोन आहेत,
‘मूळची’ आणि ‘बाहेरची’.
फुली कुठे मारायची ते तू बघ,
पण पेन्सिलीनेच मार.

चल, जाताना टाकीपाशी थांबू.
तिथे एक रोप आहे, ते मी लावलेलं नाही,
त्यानेही नाही, आपलं आपण उगवलंय.
सकाळी एका देठावर मला पाच दिसतात,
दुपारी शेजारच्या देठावर तीन.
माझे डोळे आता भरवशाचे नाहीत.

हां, आता काढ भिंग.