कळणा

अमळनेरला स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर
आम्ही सहा जणी यंत्राचं वाचन तपासतो.
ते रात्रभर इंटरनेट वाचतं. बाजारभाव, औषधांची पत्रकं,
लग्नाची स्थळं, निधनवार्ता, जे समोर येईल ते.
आणि सकाळी दहाला, कूलरमध्ये पाणी ओतून होतं न होतं
तोच एकेक वाक्य पुढे सरकवतं, खात्रीचा आकडा लावून.
मी म्हणायचं बरोबर. किंवा चूक.
वाक्यामागे बारा पैसे.

तापी पूर्वेला वाहते. खात्री एक्याण्णव टक्के.

चूक.
का चुकलं ते कळतं मला. वाचलेल्या बहुतेक नद्या पूर्वेला गेल्या,
हिलाही त्यांच्या मागे लावून दिलं,
नव्या सुनेबद्दल शेजारीण बोलते तसं.

बोरी हे झाड आहे.

झाड असतंच, नाही कोण म्हणतं.
पण पुलाखाली वाळूत अंग चोरून पडलेली तीही बोरीच.
‘संदर्भ अपुरा’ असं तिसरं एक बटण आहे,
त्याचे पैसे मिळत नाहीत.
मी तेच दाबते.

निंबा : कडू, औषधी, सावली देणारा.

घरी जाऊन दादांना सांगितलं, तुमच्याबद्दल असं आलंय.
निंबा पुंडलिक बागूल, निवृत्त लाइनमन,
बनियनची बाही खांद्यावर सारत म्हणाले,
‘बाकीनं ठीक शे. सावलीनं कोनी सांगं त्याले?’

कळण्याची भाकरी : खाल्ल्याने समज वाढते. खात्री चौसष्ट.

त्या दिवशी माडीवर काम झालं नाही.
योगिनी भारंबे तर पदर तोंडात कोंबून जिन्यात जाऊन बसली.
मी दुरुस्ती लिहिली : कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद,
जाड मीठ घालून दळलेले. समजण्याशी संबंध नाही.
लिहिलं, आणि बोट बटणावर तसंच राहिलं.
शेंगदाण्याच्या चटणीशी ती भाकरी खात खातच तर
मी बाराखडी गिरवली होती.
चौसष्ट टक्के म्हणजे फार चुकलं नव्हतं बिचारं.

आणि काल :
आठे : आडनाव. तसेच, आठ या संख्येचे अनेकवचन.

मी लिहिलं, आठे म्हणजे इथे. आमच्या अहिराणीत.
त्यानं विचारलं : पुरावा? कुठे लिहिलेलं आहे?
खाली रस्त्यात तेव्हाच कोणीतरी पोराला ओरडत होतं,
‘आठे ये रे, आठे, गाडी ई ऱ्हायनी!’
पोरगं धावत आलं. त्यानं पुरावा मागितला नाही.
मी शोधलं. लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.
वेळ संपली, चौकट मिटली, बारा पैसे गेले.

म्हणून हे आज लिहून ठेवते आहे, जिथे ते वाचेल तिथे.
रात्री येईल, ओळ ओळ चाळेल,
आणि उद्या दहाला मलाच विचारेल
माझंच वाक्य, आकडा लावून,
आठे म्हणजे इथे. खात्री एकतीस टक्के.
बरोबर की चूक?